बिळाच्या तोंडाशी

१

ओहोटी लागली की धाकटा जाळं खांद्यावर टाकून खाडीत उतरायचा आणि ताई जुन्या पंपघरात पांढरे ट्रे मांडून बसायची. धाकट्याला घरीदारी सगळे भोंगा म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसे. बादली तो ट्रेमध्ये ओतायचा तीच मुळी भाषण करत. आज अमकी मंडळी आली, तमकी रुसून परत गेली, ही बघ ताई, पोटुशी आहे, हिला खुर्ची दे.

बाजारात कोळंबीच्या त्या वळवळत्या ढिगाला एकच भाव आणि एकच नाव. ताईच्या टेबलावर मात्र प्रत्येकीची उलटतपासणी व्हायची. कपाळावरच्या करवतीला वरून दात किती, खालून किती. पायांच्या तीन जोड्यांना चिमटे, की दोनच. पोटावरच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक बसल्या आहेत, की दुसरी पट्टी आगाऊपणे पुढच्या-मागच्या दोघींवर चढून बसली आहे. मग एक जवळ्याच्या ट्रेमध्ये, एक करंदीच्या, एक मोठ्या कोळंबीच्या. काम डोळे फोडणारं होतं आणि ताईला ते मनापासून आवडायचं, कारण इथे कुणाच्या मताचा प्रश्न नव्हता. दात आहेत तितकेच आहेत.

मतांचा बाजार होता तो कचेरीत. खाडीच्या तोंडावर भिंत घालायचं आधी ठरलं, आणि खाडीत काय काय राहतं ते शोधा हा आदेश त्यानंतर निघाला. साहेबांना अहवाल हवा होता, पण त्यात काही सापडलेलं नको होतं. जाळं ओढायला माणूस द्या म्हणून ताईने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा उत्तर आलं की घरातलंच कुणी रिकामं असेल तर बघा. भोंगा रिकामाच होता. असा तो खाडीत आला, ताईच्या शब्दावर.

२

ट्रेंच्या रांगेत शेवटचा ट्रे टिचकीचा. हे नाव पुस्तकातलं नाही, भोंग्याने ठेवलेलं. बोटाएवढी कोळंबी, कपाळ सपाट, करवत नाही, पण एक चिमटा अंगाच्या मानाने बेढब मोठा. तो मिटला की बोटं मोडल्यासारखा आवाज येतो. ओहोटीला सगळी खाडी गरम तेलातल्या मोहरीसारखी तडतडायची ती यांच्यामुळे.

टिचकीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ खणते आणि बिळाच्या तोंडाशी एक छोटा मासा बाहेर तोंड करून पहारा देतो. ती बाहेर येते तेव्हा एक मिशी त्याच्या पाठीला टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो, मिशीला ते कळतं, टिचकी आत पळते आणि तिच्यामागे मासा.

भोंग्याने यावर स्वतःची युक्ती काढली होती. ओल्या काडीने, न दुखावता, माशाला चिखलाशी अलगद दाबून ठेवायचं. शेपटी हलली नाही की टिचकी बिनघोर बाहेर येते, आणि मग मागून ओंजळ घालायची. मालकाला धरायचं तर आधी वॉचमनला गप्प करावं लागतं, असं तो म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा.

पंपघराच्या आसपास ही युक्ती चालेना. तिथली बिळं मोठी होती. तोंडाशी मासे होते, पहारा चोख होता, पण माशाला कितीही वेळ दाबून धरलं तरी आतून काही येत नव्हतं. भोंग्याने कोपरापर्यंत हात घातला, मग खांद्यापर्यंत. बीळ पुढे जातच होतं, आणि प्रत्येक बीळ पंपघराकडेच वळत होतं.

ताईने साहेबांना फोन केला. मालक नसलेली बिळं, पहारेकरी मात्र जागेवर, हे अहवालात कसं लिहायचं? साहेब म्हणाले, नमुना नसेल तर प्राणी नाही, मॅडम, एवढं साधं आहे. माशांना मासे म्हणून दाखवा आणि पुढे चला.

३

पंपघर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टेबल, सूक्ष्मदर्शक, बरण्यांची मांडणी. मागच्या खोलीत पूर्वी पंप होता. आता फरशीत फक्त चौकोनी भोक उरलं होतं, माणूस सहज उतरेल एवढं, आणि त्याखाली खाडीचं पाणी. बरण्यांसाठी पाणी तिथूनच शेंदायचं. त्या खोलीला खिडकी नव्हती. दार कुणीतरी केव्हाच काढून नेलं होतं, नुसती चौकट आणि उंबरा उरला होता.

एका सकाळी शेंदलेल्या बादलीत ताईला एक तुकडा सापडला. तिला आधी वाटलं, सायकलच्या ब्रेकची तार असावी. वाकवल्यावर ती वाकली आणि सोडल्यावर हळूच सरळ झाली.

तिने तुकडा भिंगाखाली धरला. कड्यांना कडी जोडलेली, सांध्यांत बारीक लव. अशा मिशा तिने इतक्या पाहिल्या होत्या की अंधारात चाचपूनही ओळखल्या असत्या. टिचकीच्या मिशीची कितीतरी कडी भिंगाच्या एका वर्तुळात दिसतात. इथे एक कडं वर्तुळात धड मावत नव्हतं. आणि तुकडा पुढे निमुळता होत संपत होता, म्हणजे हे मिशीचं टोक होतं.

साहेबांना तिने फोटो पाठवला. त्यांचं म्हणणं आलं की हॉटेलवाले शेवंडीची, म्हणजे लॉबस्टरची, साफसफाई करून मिशा पाण्यात फेकतात. ताईने कळवलं, शेवंडीच्या मिशीला काटे असतात, ही गुळगुळीत आहे. साहेबांचं उत्तर एका ओळीचं होतं. भिंग पुसून घ्या.

त्या ओळीवर तिचा दिवस खराब झाला. वीस जणांना पुरेल एवढा राग तिच्याकडे होता आणि तो ऐकायला समोर फक्त भोंगा. तिने फोन टेबलावर आपटला, कचेरीचा उद्धार केला, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की भोंग्याने मध्ये एकदाही तोंड घातलेलं नाही.

तो मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. भोकाकडे पाठ, नजर पुढच्या खोलीच्या दाराबाहेर.

४

भोंगा गप्प बसतो हीच मुळात बातमी होती. ताईने विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, बरा आहे. कुणी काही बोललं का? नाही. मग तिथे कशाला बसलायस, इकडे ये, बरण्यांना चिठ्ठ्या लाव. तो आला, चिठ्ठ्या लावल्या, आणि ती पुन्हा भिंगात डोकं घालते न घालते तोच परत उंबऱ्यावर जाऊन बसला.

त्यानंतर तो रोजच तिथे बसू लागला. जाळं टाकायचा, बादली आणायचा, ओतायचा, सगळं मुकाट्याने, आणि मग उंबरा. बसणंही त्याचं नेहमीचं नव्हतं. तो माणूस खुर्चीवरसुद्धा आडवातिडवा पडणारा, तो आता ताठ, हात गुडघ्यांवर, मान सरळ. बाहेर कुणी आलं, कुत्रं जरी आडवं गेलं, तरी त्याचे खांदे क्षणभर थरथरत. थंडी वाजल्यावर थरथरतात तसेच. लगेच मागच्या खोलीत पाणी डुचमळे.

ताईने स्वतःला समजावलं. खाडीत भरती-ओहोटी आहे, पाणी डुचमळणारच. ओल्या कपड्यांत बसणाऱ्याला शिरशिरी येणारच. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून त्यांचं नातं लागत नाही, हे तर ती नव्या मुलांना शिकवत असे.

पण सदरा धुताना तिला पाठीवर रेघ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत, चिखलाची, सुतळीएवढी जाड. दुसऱ्या दिवशीच्या सदऱ्यावरही तशीच. तिसऱ्या सदऱ्यावर दोन होत्या.

५

घरी आईने निदान केलं की मुलगा कुणाच्या तरी विचारात आहे. त्याचं आता बघायला हवं. तुझं तर तू कोळंबीशी लावलंस, निदान त्याचं तरी माणसाशी लाव, असा टोमणाही ताईला मिळाला.

ताईने आईला न्हाणीघर दाखवलं. भोंगा न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला होता, आत मोरीचं भोक, बाहेर त्याचं तोंड. आई म्हणाली, उकडतंय, तिथे गार लागत असेल. ताईने सदऱ्यावरच्या रेघांचं सांगितलं. आईने सांगितलं की चिखलात काम करायला लावलंस तर चिखलच लागणार, अत्तर नाही.

डॉक्टरांनी पाठ ठोकून पाहिली, डोळ्यांत उजेड मारला, थकवा आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. ताईने खांद्यांचं विचारलं. ते हसले. तुम्ही त्याच्याकडे इतकं टक लावून पाहाल, तर माझेही खांदे थरथरतील.

मग तिने तो नाद सोडला आणि सरळ उपाय केला. मामाचं गाव दूर होतं, डोंगरात, जवळपास खाडी नाही की नदी नाही. तिने भोंग्याची पिशवी भरली, त्याला बसमध्ये खिडकीशी बसवलं, मामाला फोन केला. भोंगा हो म्हणाला. त्याने हातसुद्धा हलवला. बस वळणाआड गेल्यावर ती जरा मोकळी झाली आणि तशीच पंपघराकडे निघाली.

तो उंबऱ्यावर बसला होता. पिशवी मांडीवर, पायांत बूट, धुळीने भरलेले. बसमधून कुठे उतरला, कसा आला, काही सांगेना. ताईने त्याला हाताला धरून ओढलं, बोल बोल बोलली, शेवटी रडली. तो तिच्याकडे पाहत होता, आणि तिच्यापलीकडे, दाराबाहेर.

६

आता तिला कळलं होतं. म्हणजे डोक्याला पटलं नव्हतं, पण ज्या जागी माणसाला उत्तरं आधी कळतात तिथे ते बसलं होतं. हा पहारा होता. असा पहारा तिने खाडीत रोज पाहिला होता. फरक आकाराचा होता, आणि आकाराचं काय, तो वाढतो.

साहेबांना सांगायची सोय नव्हती. आईला सांगायची नव्हती. कुणाला काय सांगणार? माझ्या भावाला कुणीतरी बिळावर बसवलं आहे? तिला स्वतःचाच संताप आला. आयुष्यभर ती पुरावा, पुरावा म्हणून लोकांच्या मागे लागली होती आणि आता तिच्याजवळ होता तो धुतलेल्या सदऱ्यांवर.

चिडल्यावर तिचं डोकं चांगलं चालायचं. मागे एकदा त्यांनी एक टिचकी आणि तिचा मासा चिखलासकट मोठ्या बरणीत ठेवले होते, ते तिला आठवलं. भोंग्याने त्या जोडीतल्या माशाला पुन्हा पुन्हा काडीखाली दाबलं होतं. धोका होता आणि मासा हलला नव्हता. एक-दोनदा तसं झाल्यावर टिचकीने त्याला मिशी लावायची बंद केली. मासा बिळापाशी घुटमळायचा, ती त्याला विचारत नव्हती. चुकलेला पहारेकरी तिच्या कामाचा राहत नाही. तो मासा नंतर दुसऱ्या बरणीत अगदी मजेत होता.

म्हणजे भोंग्याला चुकायला लावायचं. एवढंच. त्याला ओढून, समजावून, बसमध्ये बसवून भागणार नव्हतं, कारण त्याला धरून ठेवणारं त्याच्या मागे होतं. त्या मागच्यानेच त्याला काढून टाकायला हवं होतं. आणि पहारेकऱ्याला गप्प कसं करायचं हे तिला भोंग्यानेच शिकवलं होतं.

बरणीच्या गोष्टीत पुढे काय झालं होतं, टिचकीने मग मिशी कुणाच्या पाठीला लावली, ते आठवायला ती थांबली नाही.

७

दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, चिखलावरून वाफ निघत होती, खाडी तडतडत होती. आत मांडणीवरच्या बरण्या मधूनच किणकिणत. फरशीखाली कुठेतरी एक टिचकी वाजायची, फार खालच्या पट्टीतली, कानांपेक्षा तळपायांना जास्त कळणारी.

ताई भोंग्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याचे खांदे थरथरले आणि मागे पाणी सरकलं. ती वाट पाहत बसली. तिला तो सरावलेला होता, तिच्यासाठी फार वेळ सावध राहत नसे. खांदे सैल झाले. तेव्हा तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि दाबले, न दुखावता, दाराच्या चौकटीशी. काडीसारखे.

भोंग्याचे डोळे मोठे झाले. हातांखाली त्याचे स्नायू माशासारखे उसळू लागले. ताईने सगळा भार टाकला.

कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला. "ताई, सोड. त्याला कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

"तू आलीयेस ते."

"नकोच कळायला," ती म्हणाली.

त्याच्या खांद्यावरून तिला मागची खोली दिसत होती. उजेड उंबऱ्याच्या आत हातभर जाऊन थांबत होता. पुढे अंधार, अंधारात भोकाची ओली कड. त्या कडेवर आधी मिशी आली. ती फरशी चाचपत आली, घाई न करता, रोजच्या वाटेने यावी तशी, आणि भोंग्याच्या पाठीवर चढली. खाली उसळणारे स्नायू तिला कळले नसावेत, ताईने ते चौकटीशी दाबून टाकले होते. मिशी मानेपर्यंत आली आणि तिथे थांबली. निर्धास्त.

मग भोकातून बाकीचं येऊ लागलं.

ताईला वाटलं होतं, मोठा चिमटा दिसेल. सपाट कपाळ दिसेल. पण कडेवर जे टेकलं ते करवतीचं टोक होतं. टिचकीला करवत नसते. ती सवयीने दात मोजू लागली, वरच्या बाजूचे आधी, पुढून मागे, कारण हे काय आहे ते तिला ठरवायचं होतं, अजूनही, अशा वेळीही. ती मोजत राहिली आणि करवत वर येत राहिली. पुस्तकात जिथे तो आकडा संपतो तो मागे पडला. डोळे अजून भोकाखालीच होते. पाणी निथळत होतं, पण आवाज नव्हता. बाहेरची सगळी खाडी तडतडायची थांबली होती.

तिने मोजणं सोडलं. भोंग्याच्या मानेवरची मिशी हलली होती. ती खांद्यावर आली, ताईच्या बोटांना लागली आणि अडखळली. बोटं ओळखीची नव्हती. मिशीने एक एक बोट चाचपलं, नखं, मनगट. तारेसारखी गार होती, पण तार नव्हती. इतक्या हलक्या हाताने आजवर कुणी तिला तपासलं नव्हतं.

धोका होता, आणि पहारेकऱ्याने सांगितलं नव्हतं. ते भोकातल्याला आता कळलं.

मिशी भोंग्याच्या अंगावरून उचलली गेली. पूर्ण, मानेपासून कमरेपर्यंत, एकदम. भोंगा पुढे ताईच्या अंगावर कोसळला, पोत्यासारखा, आणि त्याने असा श्वास घेतला जणू तो महिनाभर पाण्याखाली होता. ताईने त्याला मिठी मारली, बगलेत धरून उंबऱ्याबाहेर ओढलं, आणि ओढताना दोघं गरकन फिरली, झोकांडी जाऊन ती स्वतः आतल्या बाजूला, त्याच्या जागी, टेकली.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई चालत आली. नुसती वाटेने जाणारी. ताईने तिला पाहिलं.

ताईचे खांदे थरथरले.

मागे पाणी सरकलं.

८

भोंगा पुढच्या खोलीत फरशीवर उताणा पडला होता. त्याला हसू फुटत होतं. काय बाई तुझी ताकद, म्हणत होता, खांदे निखळले माझे, कुस्तीत का नाही गेलीस, साहेबाला लोळवलं असतंस. त्याला काहीच नीट आठवत नव्हतं. बस आठवत होती, खिडकी आठवत होती. भूक लागली होती. तो एका दमात इतकं बोलला की मांडणीवरच्या बरण्यांना कंटाळा यावा. ताई ऐकत होती. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

"चल ना," तो म्हणाला. "आई वाट बघत असेल."

"तू हो पुढे."

"आणि तू?"

"माझं थोडं काम राहिलंय."

तो उठला, चपला शोधू लागला, मग पायांत बूट आहेत हे पाहून स्वतःलाच शिव्या घातल्या. जाता जाता दारात थांबला. ताई उंबऱ्यावर बसली होती, ताठ, हात गुडघ्यांवर. त्याने विचारलं, तिथे कशाला बसलीस? तिला सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण पाठीवर, मानेच्या खाली, गार टोक नुकतंच येऊन टेकलं होतं, पहिल्यांदा टेकतात तसं, अंदाज घेत, आणि भोंगा अजून फार जवळ उभा होता.

"इथे गार लागतं," ती म्हणाली. "जा तू. उद्यापासून येऊ नकोस. कचेरीला मी कळवते, माणूस नको म्हणून."

भोंग्याला ते फार आवडलं. कामावरून काढणारी पहिलीच बहीण, तो म्हणाला, आणि शीळ घालत निघाला. बांधाच्या टोकापाशी वळून त्याने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि साहेबांच्या आवाजात ओरडला, मॅडम, भिंग पुसून घ्या. नक्कल हुबेहूब होती. खाडीकाठचे पक्षी उडाले.

ताईला हसू आलं. पण हसलं की खांदे हलतात, म्हणून तिने ते आतल्या आत धरून ठेवलं.